चौसष्टाव्या वर्षी मी कळी झाले

द्राक्ष मण्याला धरायचं नसतं. वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांनी आजवर घडच्या घड मुठीत धरून खाल्ले असतील. खा, माझं काही म्हणणं नाही. पण परदेशी जाणारा घड देठाने धरायचा. मण्यावर पांढुरकी पावडर दिसते, ती धूळ नाही आणि औषधही नाही. ती द्राक्षाची स्वतःची असते आणि बोट लागलं की पुसली जाते. पुसलेला घड तिकडच्या गिऱ्हाइकाला शिळा वाटतो. म्हणून डाव्या हातात देठ आणि उजव्या हातात कात्री. बारका मणी काढायचा, तडा गेलेला काढायचा, सडका तर काढायचाच, आणि हे शेजारच्या मण्याला धक्का न लावता. मग तो घड पनेटमध्ये ठेवायचा. पनेट म्हणजे अर्ध्या किलोची पारदर्शक डबी. वरून मणी दिसले पाहिजेत, देठ दिसता कामा नये.

एवढंच काम. पिंपळगाव बसवंतच्या एका पॅकहाऊसमध्ये मी ते सव्वीस हंगाम केलं. शेवटचे अकरा हंगाम मी लाईनची मुकादम होते. मुकादम म्हणजे स्वतःची कात्री चालवता चालवता बाकीच्या चाळीस बायकांवर ओरडायचं. माझं शिक्षण चौथी पास. ओरडायला तेवढं पुरतं.

आमचे मालक आप्पा. ते स्वतः बागाईतदार. आधी स्वतःची बाग, मग शेड, मग कोल्ड स्टोरेज असं करत मोठे झाले. त्यांच्या मुलाचं लग्न झालं आणि पुण्याची, मॅनेजमेंट शिकलेली सून घरात आली. वयाने ती माझ्या धाकट्या लेकीहून लहान, पण मालकांची सून म्हणून आम्ही सगळ्या तिला वहिनी म्हणायचो. ती मला मावशी म्हणायची. मुलगी चांगली होती. हे आत्ताच लिहून ठेवते, कारण पुढे तसं वाटणार नाही.

पहिले आठ-दहा दिवस वहिनी लाईनच्या टोकाला लॅपटॉप घेऊन बसून राहिली. मग एक दिवस मला बोलावलं.

"मावशी, बायका कामाला कंटाळतात का हो?"

"कंटाळतात की."

"मग तुम्ही काय करता?"

"ओरडते."

तिने ते लॅपटॉपात लिहून घेतलं. मला वाटलं, चला, आपला अनुभव कामी आला.

चार दिवसांनी हॉलच्या भिंतीवर हा एवढा मोठा टीव्ही लागला. सगळ्यांना समोर बसवून वहिनीने समजावून सांगितलं. पडद्यावर डाव्या बाजूला लिहिलं होतं, जुनी पद्धत : ओरडणे. उजव्या बाजूला, नवी पद्धत : खेळ.

"माणूस मोबाईलवर गेम खेळताना तासन्‌तास जागचा हलत नाही. का बरं?" वहिनी म्हणाली. "त्याला पॉइंट मिळतात, स्टार मिळतात, पुढची लेव्हल मिळते. मग आपलं काम तसं का असू नये?"

मी म्हटलं, "वहिनी, गेम खेळणारा मनात आलं की उठून जातो. आम्ही पाचच्या आधी उठलो तर हजेरी जाते."

बायका हसल्या. वहिनीही हसली. "मावशी, तुम्ही ना, फार निगेटिव्ह बोलता."

खेळ असा होता. प्रत्येकीला एक नंबर आणि त्या नंबरच्या चिकटपट्ट्यांचं एक रीळ. आपण भरलेल्या पनेटवर आपली पट्टी लावायची. सरकत्या पट्ट्यावरून पनेट पुढे जातात, त्या पट्ट्याच्या टोकाला एक यंत्र ती वाचणार आणि टीव्हीवर लगेच नावापुढे पॉइंट पडणार. जिचे जास्त ती वर, जिचे कमी ती खाली. पॉइंट साठले की पुढची पायरी. पायऱ्या चार होत्या : कळी, मणी, घड, बाग. ही नावं तिने खास आमच्यासाठी काढली होती, आम्हाला आपलंसं वाटावं म्हणून. सगळ्यांनी सुरुवात कळीपासून करायची. गुडघ्याला पट्टा, पदरी चार नातवंडं, आणि चौसष्टाव्या वर्षी मी कळी झाले.

खोटं कशाला बोलू, पहिले काही दिवस मजा आली. तिसऱ्या दिवशी मी मणी झाले आणि घरी जाऊन सांगितलंसुद्धा. घरचे मालक म्हणजे माझा नवरा. जेवता जेवता मान वर न करता म्हणाला, "घड कधी होनार मग?" त्याच्याशी मी दोन दिवस बोलले नाही.

आठवड्याच्या पहिलीला पुठ्ठ्याचा सोनेरी मुकुट मिळायचा. डोक्यावर जाळीची टोपी, तिच्यावर मुकुट आणि तोंडाला मास्क. कोण राणी झाली हे फोटोत कुणालाच ओळखू यायचं नाही. तरी बायका तो फोटो नातेवाइकांना पाठवायच्या.

मग गंमत संपली. मंगल आणि सुनंदा एकाच गावच्या. एकाच पिकअपमधून यायच्या आणि नऊ वर्षं एकाच डब्यात जेवत होत्या. त्या दोघी क्रेट लपवायला लागल्या. मोठ्या घडांच्या क्रेटमधून पनेट लवकर भरतं, म्हणून तसा क्रेट आला की पायाने टेबलाखाली सरकवायचा. एकदा दुपारपासून मंगल जागेवर वळवळ करताना दिसली.

"काय झालं गं?"

"काय नाय आक्का."

"बाथरूमला जा की मग."

"उठले तर ती सटवी पुढं जाईल."

"कोन सटवी?" सुनंदा म्हणाली. "काल भाकर कुनी दिली तुला?"

"भाकर दिली म्हनून नंबर देऊ का?"

मी हे वहिनीला सांगितलं. तिला आनंद झाला. म्हणाली, "बघा मावशी, एंगेजमेंट किती वाढली!" लघवी तुंबवून बसण्याला पुण्यात काय म्हणतात, ते मला असं कळलं.

आणि एक सांगते. आमच्याकडे कामावर येताना कपाळाची टिकली काढावी लागते. बांगड्याही काढायच्या. काच किंवा टिकली पनेटमध्ये पडली तर सगळा माल परत येऊ शकतो. हा नियम मोडला म्हणून मी स्वतः बायकांना घरी पाठवलं आहे. एक नवी नवरी रडून रडून थकली होती, टिकली काढणं अशुभ म्हणून. मी तिला म्हटलं होतं, नवऱ्याला सांभाळ नाहीतर द्राक्षाला. तर अशा ठिकाणी वहिनीने चकचकीत चांदण्या वाटल्या. दर शंभर पॉइंटांना एक चांदणी, टोपीवर चिकटवायची. कपाळावर टिकली नको, पण डोक्यावर सात चांदण्या चालतील. मी बोलले नाही. निगेटिव्ह झालं असतं.

चांदण्या वाटल्याच्या चौथ्या दिवशी हिराबाई ओरडली, "थांबा!"

आता हिराबाई कोण ते सांगते, कारण हे सगळं तिच्यासाठीच लिहिते आहे. हिराबाई माहेरची सटाण्याकडची, त्यामुळे बोलणं अहिराणी. लग्न होऊन पिंपळगावात आली, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. बाजारामागे दोन खोल्यांचं स्वतःचं घर. वय माझ्याहून थोडं कमी. मुलगा नाशिकला, द्वारका चौकाजवळ तिसऱ्या मजल्यावर राहतो. तो आणि सून दोघेही नोकरीला जातात आणि घरी दोन लहान पोरं. "आई, आता तुला काम होत नाही, इकडे ये," हे तो दर फोनला म्हणायचा. मुलगा वाईट नाही. पण एकदा तिसऱ्या मजल्यावर चढली की आई खाली उतरणार नाही, हे त्यालाही माहीत होतं आणि तिलाही. हिराबाईचं एकच म्हणणं, हात चालतात तोवर मी माझ्या घरात. काम होत नाही असं दिसलं की जाईन.

आणि हात चालत नव्हते. हॉलमध्ये गारवा ठेवतात, त्यात तिची बोटं आखडायची. दुसरी बाई तीन पनेटं भरेपर्यंत हिचं एक. पण डोळा असा, की आम्ही सगळ्यांनी पास केलेल्या घडात ती आतल्या बाजूचा तडकलेला मणी दाखवायची. कधी कधी नुसता वास घेऊन घड बाजूला ठेवायची. उलटा करून बघितला की आत एक मणी पाणी सोडत असायचा. एक सडका मणी पंधरा दिवसांत सगळं पनेट खातो. बोटीवर पंचवीस-तीस दिवस जातात. हिशेब तुम्हीच करा.

तर हिराबाई ओरडली आणि शेजारच्या टेबलावरून पुढे निघालेलं सुनंदाचं पनेट तिने उचललं. घडाच्या पोटात चांदणी बसली होती, लाल रंगाची. मणी लाल, चांदणी लाल, कुणाला दिसणार? हिला दिसली. पट्टा थांबला, हिराबाईने सगळी पनेटं पुन्हा बघितली, आणखी दोन चांदण्या निघाल्या. वहिनीचा चेहरा पांढरा पडला. त्याच दिवशी चांदण्या बंद झाल्या. पुढे त्या टीव्हीतच दिसायच्या, तिथून पडायची भीती नव्हती.

या गोंधळात हिराबाईचा पाऊण तास गेला. संध्याकाळी टीव्हीवर तिचं नाव सगळ्यात खाली, लाल अक्षरात. मी वहिनीला विचारलं, "चांदणी सापडली त्याचे पॉइंट किती?"

"त्याचे पॉइंट सिस्टिममध्ये नाहीयेत मावशी."

लाल अक्षरांचा अर्थ शनिवारी कळला. आठवड्याच्या शेवटच्या तिघींना पुढचा आठवडा 'विश्रांती'. दोनदा विश्रांती मिळाली की हंगाम संपला, पुढच्या वर्षीही बोलावणं नाही. विश्रांती हा शब्दही वहिनीनेच काढलेला. कामावरून काढण्याला इतकं प्रेमळ नाव मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. हिराबाई आठवडाभर विश्रांती घेऊन आली, आणि आल्या दिवशी पुन्हा लाल अक्षरात गेली.

दुपारच्या सुट्टीत ती हात शेकायला चहाच्या चुलीकडे गेली होती. इकडे मंगल आणि सुनंदा वेगवेगळे डबे उघडून, पाठीला पाठ लावून बसल्या होत्या. मला वैताग आला. म्हटलं, "पहिल्या नंबरासाठी एवढं मरता, मग भिशी का नाय लावत?"

भिशी आमच्याकडच्या प्रत्येक बाईला ठाऊक. दर महिन्याला सगळ्यांनी टाकायचं आणि चिठ्ठी निघेल तिने उचलायचं.

"पैशाची?" मंगल म्हणाली.

"नंबराची."

मग सुनंदा हळूच म्हणाली, "म्हंजे चिठ्ठी निघंल ती राणी?"

"तिच्या नंबरची पट्टी सगळ्यांनी दोन-दोन पनेटला लावायची. झाली राणी."

"अन् शेवटी कोन राहनार?"

मागून एक जण म्हणाली, "मला राहू द्या! येत्या आठवड्यात भाच्याचं लगीन हाय."

आणि बघता बघता सगळं जमलं. जिच्याकडे लग्न, जिच्या पोराची परीक्षा, जिचा कांदा काढायला आलाय, ती त्या आठवड्याला शेवटी. चाळीस बायका, आठवड्याला तिघी, म्हणजे हंगाम संपेपर्यंत दुसऱ्यांदा कुणाची पाळीच येत नव्हती. इतकी वर्षं रजा मागताना आम्ही मेलेल्या सासूला पुन्हा पुन्हा मारत होतो. आता वहिनीचा टीव्ही आपण होऊन रजा देत होता, वर तिला विश्रांती म्हणत होता.

"अन् हिराबाई?" मंगलने विचारलं.

तिचा नंबर एकतीस. सकाळी रिळं वाटायचं काम माझं, म्हणून एकतीसचं एक जादा रीळ मी ठेवून घेतलं. रोज पाच-सहा जणींनी थोड्या थोड्या पनेटना ती पट्टी लावायची असं ठरलं. आणि हिराबाईला सांगायचं नाही, हेही ठरलं. ठरलं म्हणजे मी ठरवलं. ती कुणाचा चहाही फुकट पीत नाही, दुसऱ्या दिवशी आपल्या घरून साखर आणून देते. पनेटं फुकट घेतलीच नसती. तेव्हा मला ही माझी हुशारी वाटली होती.

हिराबाई वर चढायला लागली. तिसाव्या नंबरावर आली, मग एकविसाव्या. एक दिवस नववी आली. टीव्हीसमोर उभी राहून तिने आपलं नाव दोनदा वाचलं.

"आक्का, मना हात सुटना वं," मला म्हणाली. हात मोकळा झाला म्हणे. "ते लसूनना तेलनी कमाल शे."

ती रोज रात्री लसूण घालून कढवलेलं तेल बोटांना चोळत होती. आम्ही सगळ्यांनी गंभीर चेहऱ्याने तिला त्या तेलाची कृती विचारली. तिने ती प्रत्येकीला नीट सांगितली, लसूण किती, आच किती. सुनंदाने तर घरी करूनही बघितलं. वहिनीकडून हिराबाईने टीव्हीचा फोटो काढून घेतला आणि मुलाला पाठवला. संध्याकाळी तिने त्याला फोन केला तेव्हा मी शेजारीच होते. "देखना का? नववा नंबर. आते बोल." त्या दिवसापासून मुलाने द्वारकेचा विषय काढला नाही.

वहिनीही खूश होती. राणी दर आठवड्याला नवी, कुणी मागे पडत नाही, भांडण नाही. नाशिकच्या एका हॉटेलात तिने यावर भाषण केलं आणि मला सोबत नेलं. थंड हॉलमध्ये सगळे इंग्रजीत टाळ्या वाजवत होते. एका कोटवाल्या साहेबांनी मला विचारलं, "मावशी, सगळ्या बायका आळीपाळीने पहिल्या येतात, याचं रहस्य काय?"

मी म्हटलं, "सगळ्या सारख्याच हुशार आहेत, साहेब."

पुन्हा टाळ्या. जेवणात द्राक्षं होती. लोक ती मुठीने उचलत होते.

मार्च संपत आला आणि बाहेरून तक्रार आली. आप्पांच्या ऑफिसात हिराबाईला बोलावलं, मुकादम म्हणून मलाही. आप्पा खुर्चीवर होते आणि वहिनी लॅपटॉपपाशी. पडद्यावर फोटो होते. पनेटच्या तळाशी पाणी, मणी काळे पडलेले, वर बुरशी. एका पेटीतली दहाच्या दहा पनेटं तशी, आणि दहांवरही पट्टी एकतीस.

हिराबाई जवळ जाऊन वाकून बघत राहिली. मग म्हणाली, "हाई मनं काम नही."

"नंबर तुमचाच आहे ना हिराबाई?" वहिनी शांतपणे म्हणाली. "सिस्टिम खोटं कशाला सांगेल?"

"नंबर मना शे. काम मनं नही. असा घड मी ठेवसू का? आक्काले विचारा."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

फोटोखाली तारीख होती आणि बागेचं नावही. मी ओळखलं. अवकाळीत भिजलेल्या बागेचा तो माल, निम्म्या मण्यांना बारीक तडे. त्या दिवशी मंगल, सुनंदा आणि आणखी काही जणी एकाच लग्नाला गेल्या होत्या, म्हणून एकतीसची पनेटं मी एकटीने भरली होती. माझ्या डोळ्यांवर वर्षभरापासून धुरकट पडदा यायला लागला होता. डॉक्टर मोतीबिंदू म्हणाला होता. हंगाम झाल्यावर बघू, असं मी त्याला सांगून आले होते.

आप्पांनी विचारलं, "मुकादम, तुमचं काय म्हननं?"

मी म्हटलं, "बघावं लागेल."

चार वर्षं शाळेत आणि सव्वीस हंगाम इथे काढून मला एवढंच बोलता आलं. बोलले तर भिशी फुटेल आणि चाळीस बायका अडचणीत येतील, असं मी स्वतःला सांगितलं. ते खरंही होतं. पण आधी मला माझ्या डोळ्यांचं झाकायचं होतं.

हिराबाईने माझ्याकडे बघितलं. मग टोपी काढली, घडी घातली, टेबलावर ठेवली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी लाईन सुरू व्हायच्या आधी मी ऑफिसात गेले आणि सगळं सांगितलं. चिठ्ठ्या, लग्नं, जादा रीळ, सगळं. वहिनी लॅपटॉप उघडून बसली होती. ऐकता ऐकता तिने तो मिटला.

"म्हणजे सगळे आकडे खोटे?"

"पनेटं खरी होती. नावं खोटी."

"इतके आठवडे! मला काहीच कसं कळलं नाही?"

"तुम्ही टीव्हीकडे बघत होता, वहिनी."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला येऊन सांगायचं होतं ना मावशी. मी काही वाईट करायला आले नव्हते."

हे तिचं खरं होतं. सांगता आलं असतं. चिठ्ठ्या टाकण्यापेक्षा एकदा तिच्यासमोर उभं राहून भांडता आलं असतं. पण तिला फसवण्यात मला मजा येत होती, आणि मजा आली की माणूस पुढचं बघत नाही. खेळाबद्दल वहिनी हेच तर सांगत होती.

आप्पांनी एवढंच विचारलं, "त्या दहा पनेटात सडका मनी कुनी ठेवला?"

"मी."

"दिसला नाय?"

"नाय."

आप्पा स्वतः द्राक्षात वाढलेले. त्यांना आणखी विचारायची गरज नव्हती. मग वहिनीकडे वळून म्हणाले, "हिराबाईला तपासनीला बसवा. पट्ट्याच्या टोकाला. तिथं पळायचं काम नाय." त्या दिवसापासून टीव्हीवर कोल्ड स्टोरेजचं तापमान दिसतं. टीव्ही महाग होता, काढून कोण टाकणार?

मी तशीच हिराबाईच्या घरी गेले. दारात पिशवी भरून ठेवलेली होती. ती खाली बसून भांडी कागदात गुंडाळत होती. मुलगा रविवारी न्यायला येणार होता. मी उभ्यानेच सांगितलं की ती दहा पनेटं माझी होती, आप्पांना सांगितलंय, तुला तपासणीला बोलावलंय.

तिने हातातलं भांडं खाली ठेवलं. आनंद नाही की राग नाही. मग म्हणाली, "मना नंबर तुम्ही का लावा?"

मी ते सांगितलं नव्हतं. आता सांगावं लागलं.

"बठासले माहीत व्हतं?" सगळ्यांना माहीत होतं का, असं विचारत होती.

"हो."

"फोटू काढा ते दिन?"

इथे खोटं बोलता आलं असतं. त्या दिवशीची सगळी तुझीच होती असं म्हटलं असतं तर कुणाचं काय गेलं असतं? पण दहा पनेटांचं खोटं तिच्या अंगावर घालून मी नुकतीच आले होते.

"त्या दिवशीची निम्म्याच्या वर आमची," मी म्हटलं.

तिने आपले हात बघितले. तेलाने बोटं अजून चकचकत होती. मग फोन घेतला आणि मुलाला लावला. मी जायला वळले तर हातानेच थांब म्हणाली.

"हां, ऐक. तो नववा नंबरना फोटू पुशी टाक. तो नंबर मना नही व्हता. मनं काम धिमं शे." तिकडून तो काहीतरी भरभर बोलायला लागला. तिने त्याचं होऊ दिलं. मग म्हणाली, "नही. तरी मी येवाव नही. माले दुसरं काम भेटनं. डोयानं."

येणार नाही असं सांगून तिने फोन ठेवला आणि भांड्यांचे कागद सोडायला लागली. मला चहा विचारला नाही.

सोमवारी हिराबाई पट्ट्याच्या टोकाला दिव्याखाली बसली. मी माझ्या जागेवर. मुकादमी गेली होती, कात्री अजून होती. पहिल्या तासात माझं एक पनेट परत आलं. आत बारीक तडा होता, तिने बोटाने दाखवलेला. चुकून राहिला असेल म्हणून मी तो मणी काढला. मग दुसरं आलं. तिसरं आलं तेव्हा मंगलने माझ्याकडे बघितलं आणि लगेच नजर खाली घातली. त्या घडात मला काही दिसत नव्हतं. दिव्याजवळ नेलं तेव्हा दिसलं.

चौथं आल्यावर मी कात्री धुतली, पुसली, जागेवर ठेवली आणि टोपी काढून दाराकडे निघाले. वाटेत तिच्या टेबलावरून जावं लागतं. मी तिथे जरा थांबले. हिराबाईने हातातला घड उलटा केला, वास घेतला आणि बाजूला ठेवला. मान वर केली नाही. तपासणीवरची चांगली बाई करत नाही.